गाडी ओढ्यापलीकडं वळली

रोकडे मॅडम एसटीत चढल्या की कंडक्टर पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवून त्यांना जागा करून द्यायचा. एक तर साहेब, त्यातून बाई. मॅडम त्याला मानेनंच नको म्हणायच्या आणि गर्दीतून वाट काढत थेट मागं जाऊन शेवटच्या लांब बाकावर बसायच्या. मागच्या चाकाच्याही मागं, जिथं माणूस बसल्या जागी वीतभर उडतं, तिथं. मांडीवर वही उघडलेली असायची. गाडी आदळली की खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याखालून पाणी जायची कुठली मोरी, कुठला दगड ते बघायच्या आणि वहीत लिहायच्या. अक्षर हलायचं, पण त्यांना ते नंतर वाचता यायचं. आम्हाला कुणालाच यायचं नाही.

"पुढं बसून रस्ता कळत नाही," त्या म्हणायच्या. "ज्यानं रस्ता केला त्याला वर्षभर शेवटच्या बाकावर बसवायला पाहिजे."

प्रतिभा रोकडे आमच्या बांधकामाच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून आल्या तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी तिथं अनुरेखक होते. म्हणजे अभियंत्यांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे. दिवसभर उंच स्टुलावर बसून मान मोडायची. ऑफिसात बायका आम्ही दोघीच, मी आणि टपाल बघणाऱ्या एक वयस्कर बाई. त्यामुळं बाई अभियंता येणार म्हटल्यावर मला वाटलं होतं, चला, डबा खायला सोबत झाली. पण त्या डब्याच्या वेळेला ऑफिसात क्वचितच सापडायच्या. रस्त्यावरच्या कुठल्या तरी मोरीच्या कठड्यावर बसून भाकरी-ठेच्याचा डबा खाऊन व्हायचा त्यांचा.

ठेंगणा बांधा, रापलेला रंग, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. पहिले पंधरा दिवस त्या साडी नेसून आल्या, सोळाव्या दिवशी सलवार-कमीज घालून आल्या. त्या काळी आमच्याकडं सरकारी ऑफिसात बाईनं ड्रेस घालणं ही बातमी होती. उपअभियंता साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान देऊन बसलेलो.

"मॅडम, ऑफिसचं एक वातावरण असतं," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण माझं काम ओढ्यात असतं. तुम्ही एकदा साडी नेसून ओढ्यात उतरून दाखवा. जमलं तर उद्यापासून मीही नेसते."

साहेबांनी समोरची फाईल पुढं ओढली. मग म्हणाले, "ठीक आहे, जा." माणूस वाईट नव्हता तो. कुणी आवाज चढवला तर त्याच्या बाजूचा व्हायचा, इतकंच. आणि आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी चढलेला असायचा.

रोकडे मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांचे दोनच शब्द होते. "लेखी द्या." कुणी म्हटलं, हे काम असं असं करून टाका, तर त्या म्हणायच्या, लेखी द्या. कुणी म्हटलं, हे काम करू नका, तरी तेच. तोंडी सांगणाऱ्याच्या हातात त्या शांतपणे पेन द्यायच्या. दहातले नऊ जण पेन परत देऊन निघून जायचे. महिन्याभरात ऑफिसनं त्यांचं नाव लेखीबाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय की. ह्यापेक्षा वाईट ठेवता आलं असतं."

त्यांचे वडील, त्या त्यांना दादा म्हणायच्या, मैलकुली होते. जुन्नरच्या बाजूच्याच एका रस्त्यावर. रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा, त्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, गटार मोकळं ठेवायचं, ही त्यांची नोकरी. घर बौद्धवाडीत. लहानपणी शाळा सुटली की प्रतिभा वडिलांची भाकरी घेऊन रस्त्यावर जायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही निमित्त झालं म्हणून. आम्ही दोघी एका साइटला गेलो होतो. आम्हाला येताना बघून तिथला म्हातारा मैलकुली घमेलं खाली ठेवून ताठ उभा राहिला. मॅडमनी ते घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"बाबा, मला बघून उभं राहायचं नाही. हात चालू ठेवा."

"आवो, साहेब लोक आल्यावं उभं ऱ्हावंच लागतंय."

"मी सांगते ना, नाही राहायचं."

पुढं चालताना त्या म्हणाल्या, "आमचे दादा जीप दिसली की असेच उभे राहायचे. भाकरी खात असले तरी. तोंडातला घास तसाच. जीप थांबायची सुद्धा नाही." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. पण त्यांच्या कुठल्याही कामावर त्या आल्या म्हणून माणूस उठून उभा राहिलेला मी त्यानंतर पाहिला नाही.

लग्नाचं बघणं चालू होतं त्या दिवसांत. एका रविवारी पाहुणे येऊन गेले आणि सोमवारी त्यांनी मला ती हकीकत पोहे खाता खाता सांगितली. मुलगा बँकेत. मुलाच्या मामांनी विचारलं, "साइटवर म्हणजे पुरुषांबरोबर काम करावं लागत असंल?"

"पुरुषांबरोबर नाही," ह्या म्हणाल्या, "मी काम करून घेते पुरुषांकडून."

"मग आईनं आत बोलावून चांगला चिमटा काढला मला," मॅडम म्हणाल्या आणि दंडावरची खूण दाखवली. पुढं दोन-तीन वर्षांनी त्यांनी लग्न केलं ते स्वतःच्या पसंतीनं, एका ग्रंथपालाशी. तो मनुष्य त्यांच्यापेक्षाही कमी बोलायचा.

करंजदऱ्याचं काम त्यांच्याकडं आलं ते दुसऱ्या वर्षी. घोडेगावहून भीमाशंकरकडं जाताना शिनोली मागं टाकल्यावर डाव्या हाताला एक दरा आत गेलाय, त्यात हे गाव. गाव म्हणजे एक चौक, मारुतीचं देऊळ, भोवती घरं. गावापुढं ओढा आणि ओढ्याच्या पलीकडं बौद्धवस्ती. एसटी मुख्य रस्त्यावर थांबायची, तिथून गाव तासाभराची चाल. गावात गाडी यावी म्हणून पक्का रस्ता मंजूर झाला होता. कागदावर रस्ता ओढ्यापर्यंत होता आणि ओढ्यावर फरशी पूल. म्हणजे खाली सिमेंटचे नळे, वर काँक्रीट. पाणी नळ्यातून जातं, फारच वाढलं तर वरून जातं आणि ओसरलं की पूल जागच्या जागी. मॅडमनी त्यात एक गोष्ट वाढवली. ओढा ओलांडून वस्तीजवळच्या गायरानात गाडी वळवायला गोल जागा. तो नकाशा मीच गिरवला. मोठं वर्तुळ होतं, माझ्या कंपासात मावेना. शेवटी टाचणीला दोरा बांधून काढलं.

"गाडी वळते तिथं गाव संपलं असं समजतात लोक," त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या. "गाडी चौकात वळली तर वस्ती गावाबाहेरच राहिली ना कायमची. म्हणून वळण पुढं न्यायचं."

गावात रंगनाथआबा नावाचे एक बडे शेतकरी होते. त्यांचा मुलगा सरपंच, पण शब्द आबांचा. त्यांचं घर बरोबर चौकात. मॅडम आखणीला गेल्या तेव्हा आबांनी ओट्यावर सतरंजी टाकून चहा दिला आणि मग म्हणाले, "बाई, रस्ता करा, फरशी करा, आमचं काय म्हन्नं न्हाई. पर गाडी हितं चौकात वळंल. हितनं पुढं कशाला?"

"चौकात गाडी वळणार नाही, आबा. जागा कमी पडते."

"दुधाची गाडी वळती की रोज."

"एसटी तिच्या दुप्पट लांब असते. तुमच्या शेतातला एक तुकडा द्या चौकाजवळचा, मग बघू."

आबांनी शेताचा विषय टाळला. कप खाली ठेवला आणि जरा हळू म्हणाले, "तुमी तुमच्या लोकांसाठी करताय, ठावं हाय आमाला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. टेपचं दुसरं टोक धरायला मला नेलं होतं त्यांनी, कारण मदतनीस रजेवर होता. मला वाटलं, आता ह्या उठून जातील. त्या उठल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "माझीच माणसं आहेत ती. रस्ता मात्र आधी तुमच्या दारात येतो, मग त्यांच्या. आणखी काय पाहिजे आबा?"

उरलेला चहा पिऊन त्यांनी कपबशी स्वतः विसळली, तिथंच रांजणाशी, सगळ्यांच्या देखत, रांजणातलं पाणी तांब्यानं घेऊन. आबांची सून दारात उभी होती. तिनं आधी रांजणाकडं पाहिलं, मग आबांकडं. आबा बघत राहिले.

ओढ्यापलीकडं आम्हाला हौसाबाई भेटल्या. साठीच्या असतील. रानातला हिरडा गोळा करून, वाळवून बाजाराला न्यायच्या, डोक्यावर पोतं घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत चालत. त्यांची नात सातवीत होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की पोरगी घरीच. वर्षातले दोन-दोन महिने. मागच्या पावसाळ्यात शेजारची एक मुलगी पाण्यातून जाताना वाहून चालली होती, झुडपात अडकली म्हणून वाचली. तेव्हापासून वस्तीतल्या मुलींनी पावसाळ्यात शाळेचं नाव काढायचं सोडलं होतं.

"व्हईल का वो खरंच?" हौसाबाईंनी विचारलं. "आमी लई येळा मापं घेतलेली बघितल्यात. मापं घेत्यात आन जात्यात."

मॅडम म्हणाल्या, "मीही मापं घेऊनच जाणार आहे मावशी. पण परत येणार."

त्या परत परत गेल्या. ऑफिसची एकुलती एक जीप साहेबांची, त्यामुळं एसटीनं आणि पुढं पायी. ठेकेदाराला त्या कधी येतील याचा अंदाज लागायचा नाही, आणि त्यातच तो पकडला गेला. फरशीचे नळे बसवायचं काम दोन दिवसांनी करणार असं त्यानं कळवलं आणि त्याच दिवशी बसवायला घेतलं. मॅडम दुपारी तिथं पोचल्या तेव्हा नळे मांडून झाले होते आणि काँक्रीटची तयारी चालली होती. त्यांनी बूट काढले, ओढ्यात उतरल्या, ओणव्या झाल्या आणि नळ्याच्या तोंडाला टेप लावली. नकाशात तीन फुटी नळा होता. हा दोन फुटी निघाला.

ठेकेदार काठावर उभा होता. म्हणाला, "मॅडम, नळा तो नळाच. पाणी काय टेप घेऊन येतंय का?"

"पाणी टेप घेऊन येत नाही, म्हणून तर मी आणलीय," त्या खालूनच म्हणाल्या. "काढा हे सगळे."

त्यानं काढायला साफ नकार दिला. त्यांनी साइटच्या वहीत तिथल्या तिथं लिहिलं, नळे काढल्याशिवाय पुढचं काम मोजलं जाणार नाही, म्हणजे त्याचं बिल निघणार नाही. खाली सही केली, वही त्याच्या हातात दिली आणि काँक्रीटचं मिश्रण करायच्या पत्र्यावर जाऊन बसल्या. शेवटची गाडी जायची वेळ होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. पत्रा अडल्यावर काम होणार कसं?

दुसऱ्या दिवशी ठेकेदार ऑफिसात आला. आधी साहेबांकडं. साहेबांनी मॅडमना बोलावलं, "रोकडे मॅडम, ॲडजस्ट करून घ्या. ओढा लहान आहे."

"लेखी द्या साहेब. दोन फुटी नळे चालतील, असं. खाली तुमची सही."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. पेन तसंच टेबलावर राहिलं.

मग ठेकेदार माझ्या टेबलाशी आला. मोठा गोड बोलायचा. "सुनंदाताई, एक छोटं काम व्हतं. ह्यो नकाशा पुन्हा एकदा काढून द्या. फकस्त नळ्याचा आकडा तेवढा बदलायचा. तारीख जुनीच ठिवा. वरच्या साहेबांना मी बघतो."

नोकरी लागून मला चारच वर्षं झाली होती, घरी सासूबाई अंथरुणावर. मी म्हणाले, "काळी शाई संपलीय."

"मी आनून देतो की."

"ती शाई पुण्याला मिळते," मी म्हणाले. तो हसला आणि उद्या येतो म्हणून गेला.

संध्याकाळी मी हे मॅडमना सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी माझा तो नकाशा गुंडाळीतून काढला, टेबलावर पसरला आणि उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं एकाखाली एक नावं असतात. आखणी करणारा, तपासणारा, मंजूर करणारा आणि सगळ्यात खाली अनुरेखक. तिथं माझी सही होती.

"हे नाव कुणाचं?"

"माझं."

"मग शाईचं काय सांगत बसलीस त्याला? उद्या तो शाई आणेल. नाही म्हणायचं असेल तर नुसतं नाही म्हण."

रात्रभर मी मनात ते नाही घोळवलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदार खरंच शाईची बाटली घेऊन आला. मी म्हणाले, "नाही काढणार." आवाज चिरकला माझा, पण शब्द निघाला. तो बाटली उचलून निघून गेला. चौथ्या दिवशी ओढ्यातले नळे निघाले. नवे आले ते मॅडमनी एकेक मोजले, आणि मगच काँक्रीट पडलं.

काम संपल्यावर आगारातून पाहणीसाठी गाडी यायची होती. रस्ता एसटीला योग्य आहे असं त्यांनी म्हटलं की फेरी सुरू. त्या दिवशी मीही गेले होते, सुट्टी टाकून. गाडी चालवायला सय्यदभाई होते, जुन्नरचे, आख्ख्या तालुक्यातल्या घाटांची वळणं पाठ असलेला माणूस. सोबत आगाराचे एक निरीक्षक. मॅडम अर्थात शेवटच्या बाकावर.

गाडी चौकात आली आणि थांबली. पुढं पंधरा-वीस माणसं रस्त्यात उभी होती, मधोमध आबा. ओढ्याच्या पलीकडं वस्तीतली माणसं जमलेली दिसत होती, पण ती तिकडंच उभी राहिली.

आबा म्हणाले, "गाडी आली, आनंद झाला. नारळ फोडू. पर गाडी हितनंच वळंल. पुढं जायाची न्हाई."

निरीक्षकांनी मॅडमकडं बघितलं. गर्दीतले दोघं-तिघं मोठ्यानं बोलायला लागले होते. मला भीती वाटली, आता हातघाईवर येतं की काय. मॅडम खाली उतरल्या, आबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "सय्यदभाई, आबा म्हणतात इथं वळवा. वळवा बघू."

सय्यदभाईंनी चौकाकडं एकदा नजर टाकली. "मॅडम, न्हाई बसायची."

"बसवून बघा. लोकांना बघू दे."

मग ते सुरू झालं. गाडी मागं, गाडी पुढं. देवळाच्या पायरीपाशी मागचा भाग अडला. पुढं घेतली तर समोर हापशी. पुन्हा मागं. कंडक्टर शिट्ट्या मारून दमला. गावातले चार जण सय्यदभाईंना चार बाजूंनी हात करून सांगत होते, एक म्हणे स्टेअरिंग कापा, दुसरा म्हणे सोडा. धुरानं चौक भरला. दहा-बारा वेळा मागं-पुढं झाल्यावर गाडी चौकात आडवी अडकली आणि तिचं तोंड गेलं थेट आबांच्या ओट्यावर. बंपर आणि ओट्याची फरशी यांत चार बोटांचं अंतर. आतून आबांची म्हातारी ओरडली, "आवो, घरात शिरती का काय गाडी?"

सय्यदभाईंनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं. ते खिडकीतून म्हणाले, "आबा, आता तुमी सांगा. ओटा पाडू का देवाची पायरी?"

कुणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेप काढली, एक टोक आबांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हीच मापून बघा. मी म्हणते म्हणून नको."

आबांनी टेप हातात धरली. देवळाच्या पायरीकडं आणि आपल्या ओट्याकडं एकदा पाहिलं. मग परत दिली. "न्या पुढं," ते म्हणाले, आणि घरात गेले.

गाडी सरळ करायलाच दहा मिनिटं लागली. मग ती उतारावरून ओढ्याकडं गेली. फरशीवर चढताना सय्यदभाईंनी वेग अगदी कमी केला. मॅडम गाडीत बसल्या नव्हत्या. त्या गाडीच्या बाजूनं, चाकाकडं बघत चालत पलीकडं गेल्या. गायरानातल्या त्या गोलात गाडी एका दमात वळली, एकदाही मागं न घेता. हौसाबाईंनी सय्यदभाईंना पाणी दिलं, चाकांवर ओतलं आणि मग मॅडमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, नातीला सांगा, सकाळी लवकर उठायचं."

फेरी सुरू झाली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दोन महिन्यांनी मी सहज गेले होते तिकडं, तेव्हा बघितलेलं सांगते. गाडी सुटायची वस्तीवरून. त्यामुळं चौकात येईपर्यंत बाजाराच्या दिवशी जागा भरलेल्या असायच्या. मग गावातली माणसं काय करायची, सकाळी ओढा ओलांडून वस्तीवर जायची आणि तिथून गाडीत बसायची. मी गेले त्या दिवशी आबा स्वतः फरशीवरून चालत आले, काठी टेकत. गाडीत चढले. हौसाबाईंच्या शेजारची तेवढी जागा मोकळी होती. हौसाबाईंनी हिरड्याचं पोतं पायाशी ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा आबा." आबा बसले.

मॅडमना हे बघायला मिळालं नाही. पाहणीच्या दिवसानंतर सहा आठवड्यांत त्यांच्या बदलीचा कागद आला. लांबच्या जिल्ह्यात, साइट नाही, नुसतं टेबलाचं काम. कुणी सुचवलं, कुणी सही केली, हे आम्हाला कधी कळलं नाही. साहेब त्या दिवशी रजेवर होते. मी रडायला लागले तर त्या चिडल्या. "रडतेस कशाला? हे तरी लेखी आलंय." मग टेबलाचा खण रिकामा करता करता म्हणाल्या, "टेबलावर बसवतायत ना? बसते. बाकीच्यांचे रस्ते टेबलावरूनच तर निघतात."

जाण्यापूर्वी त्यांनी एक अडकलेलं काम पुरं केलं. आठवडी बाजाराच्या एका गावी एसटी थांबा आणि शेड होणार होती. नकाशात बायकांचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला आणि त्याचं दार पानटपरीच्या समोर. मॅडमनी दार फिरवून पुढं आणलं होतं, साहेबांनी ते खोडलं होतं. म्हणाले, दार इकडं काय आणि तिकडं काय. मॅडमनी त्यांना विनंती केली की, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता फक्त एकदा माझ्याबरोबर चला. साहेब गेले. जिथं दार येणार होतं तिथपर्यंत मॅडमनी त्यांना चालत नेलं. वाटेवर तीस-चाळीस पुरुष बसलेले, उभे, थुंकत असलेले. सगळे मॅडमकडं बघत होते, वरपासून खालपर्यंत. साहेबांकडंही बघत होते. शेजारी कॉलेजच्या मुली घरी जायच्या गाडीसाठी उभ्या होत्या. मॅडमनी त्यातल्या एकीला विचारलं, "सकाळपासून पाणी प्यायलीस का ग?" ती म्हणाली, "नाही. घरी गेल्यावर पिणार." साहेबांनी ते ऐकलं. ऑफिसात आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं आपली खूण खोडली आणि नकाशावर सही केली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली असतील. आमच्या ऑफिसात संगणक आले, शाईच्या बाटल्या अडगळीत गेल्या, मी चाळिशी ओलांडून माऊस धरायला शिकले. एके दिवशी वरून एक नमुना नकाशा आला. गावोगावच्या थांब्यांसाठी, यापुढं सगळ्यांनी ह्याच पद्धतीनं करायचा. शेवटच्या वस्तीपलीकडं गाडी वळवायची गोल जागा आणि शेडमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार पुढं, उजेडात. उजव्या कोपऱ्यात नावं होती. आखणी करणाऱ्याच्या जागी प्र. रोकडे. नव्यानं लागलेला मुलगा मला म्हणाला, "मॅडम, हे दार पुढं घेतलं तर शेडची जागा कमी होते. आपण थोडं बदलू या का?" मी म्हणाले, "नाही." आता आवाज चिरकत नव्हता.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार सालानंतर काही वर्षांनी. मुलीला घेऊन मी ओझरला गणपतीला निघाले होते. वाटेत नदीवरचा नवा पूल नुकताच खुला झाला होता आणि आमची एसटी त्यावर जायच्या आधी जरा थांबवली. खिडकीतून बघते तर पुलाच्या कठड्याशी रोकडे मॅडम. डोक्यावर हेल्मेट, त्याखालून बाहेर आलेले केस पिकलेले. भोवती चार-पाच तरुण अभियंते, त्यांतल्या दोन मुली. शेजारी मोटार उभी आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यातला कुणी बडा माणूस मॅडमशी काही तरी तावातावानं बोलत होता. मी खिडकीतून हाक मारली, "मॅडम." आमची गाडी सुटली आणि पुलावर चढली. मॅडमनी वर बघितलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, पुलाचे दोन भाग जिथं जुळतात त्या सांध्याजवळ, आणि एक हात वर केला. बोलू नका, असा. तो पांढऱ्या कपड्यातला माणूस उघड्या तोंडानं तसाच थांबला. आमची पुढची चाकं सांध्यावरून धडधडत गेली, मग मागची गेली. मी मान वळवून बघत राहिले. हात अजून वरच होता, आणि मॅडम सांध्याचा आवाज कान देऊन ऐकत होत्या.